नवव्या मजल्यावरचं कुलूप

२४ मार्च १९११, शुक्रवार. न्यूयॉर्क राज्यातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने, कोर्ट ऑफ अपील्सने, त्या दिवशी एक निकाल दिला. धोक्याच्या कामात मजूर जखमी झाला तर चूक कोणाची याचा घोळ न घालता मालकाने त्याला भरपाई द्यावी, असा कायदा राज्याने आदल्या वर्षी केला होता. न्यायाधीशांनी तो रद्द केला. मालकाची चूक सिद्ध झालेली नसताना त्याच्या खिशातून पैसे काढणं म्हणजे त्याची मालमत्ता हिरावून घेणं, आणि हे घटनेत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी पावणेपाचच्या सुमाराला न्यूयॉर्क शहरात वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या ॲश बिल्डिंगला आग लागली.

इमारत दहा मजली होती. वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचा कारखाना. शर्टवेस्ट म्हणजे त्या काळी तिथल्या बायका स्कर्टवर घालायच्या तो ब्लाउज. कामावर पाचशेच्या आसपास माणसं, बहुतेक तरुण मुली. कोणी रशियातून, पोलंडातून जीव वाचवून आलेल्या ज्यू घरातल्या, कोणी इटलीतल्या गरीब गावांतून आलेल्या. मेलेल्यांत सगळ्यात लहान मुलींचं वय १४ होतं. सुटीची वेळ झाली होती. आठव्या मजल्यावर कापड बेतण्याच्या टेबलाखाली चिंध्यांच्या पेटीत ठिणगी पडली, बहुधा कोणाची काडी नाहीतर सिगारेट. आठव्या मजल्यावरून दहाव्याला फोन गेला. दहाव्यावर मालक बसत. मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस हे दोघं गच्चीवरून शेजारच्या इमारतीत सुखरूप पोचले. नवव्या मजल्याला कोणी कळवलंच नाही.

नवव्यावरून उतरायला दोन जिने होते. एकाच्या तोंडाशी ज्वाळा आल्या. दुसऱ्या, वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूच्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं. सुटीच्या वेळी सगळ्यांनी एकाच दाराने बाहेर पडावं म्हणजे प्रत्येकीची पर्स उघडून बघता येते, कापडाचा तुकडा कोणी लांबवत नाही ना, एवढ्यासाठी ते कुलूप. मागचा लोखंडी जिना माणसांच्या वजनाने वाकला आणि त्यांच्यासकट खाली कोसळला. जोसेफ झिटो आणि गास्पार मॉर्टिलारो हे लिफ्टवाले धुरातून जमतील तितक्या खेपा करत राहिले; जे वाचले त्यांतले बरेचसे त्यांच्यामुळे. बंबवाल्यांची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. मुलींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या, खाली धरलेल्या जाळ्या फाटल्या. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं होतं. १४६ जण गेले, त्यांत १२३ बायका आणि मुली. इमारत मात्र आगीला न जुमानणारी म्हणून बांधलेली होती आणि ती तशीच निघाली. आजही ती उभी आहे, विद्यापीठाच्या ताब्यात.

या आगीची गोष्ट जगभर सांगितली जाते आणि ती नेहमी एकाच वळणाने जाते. भयंकर दुर्घटना झाली, समाज हळहळला, सरकारला जाग आली, कायदे झाले. शाळेच्या पुस्तकात शोभेल अशी ही मांडणी आहे, आणि मला ती चुकीची वाटते. नुसती चुकीची नाही, घातक वाटते. कारण तिच्यातून असा समज पसरतो की माणसं मरणं ही सुधारणेची किंमत असते आणि ती एकदा चुकती केली की सुधारणा आपोआप घरी येते. तसं कधीच होत नाही.

न्यूअर्कचंच बघा. हडसन नदीपलीकडे, न्यूयॉर्कपासून हाकेच्या अंतरावरचं हे गाव. ट्रँगलच्या चार महिने आधी, २६ नोव्हेंबर १९१० रोजी, तिथल्या कपड्यांच्या कारखान्यात अशीच आग लागली. २५ जण मेले, बहुतेक सगळ्या बायका, कित्येक खिडकीतून उडी मारून. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे प्रमुख एडवर्ड क्रोकर यांनी तेव्हाच बजावलं होतं की हे आपल्या शहरातही होऊ शकतं. हळहळ तेव्हाही झाली. वर्तमानपत्रांनी तेव्हाही रकाने भरले. न्यूयॉर्कच्या कारखान्यांतलं एक कुलूप त्याने निघालं नाही. मग चार महिन्यांनंतरच्या आगीत असं काय वेगळं होतं? मेलेल्यांचा आकडा मोठा होता, हे खरं. पण फरक नुसत्या आकड्याचा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये आगीच्या आधीच काहीतरी उभं राहिलेलं होतं.

ते उभं केलं होतं याच मुलींनी. १९०९ च्या सप्टेंबरात ट्रँगलमधल्या कामगार मुली युनियनच्या मुद्द्यावर बाहेर पडल्या. मालकांनी त्यांच्यावर गुंड घातले, पोलिसांनी गुंडांना सोडून मुलींनाच धरलं. २२ नोव्हेंबरला कूपर युनियन नावाच्या कॉलेजच्या सभागृहात मोठी सभा भरली. पुढारी एकामागून एक भाषणं करत होते, संयमाचे सल्ले देत होते. दोन तास हे ऐकल्यावर क्लारा लेमलिख नावाची, पोलंड-युक्रेनच्या बाजूकडून आलेली, विशीतली मुलगी उठली. थोड्याच दिवसांपूर्वी संपावर असताना तिला मारहाण होऊन बरगड्या मोडल्या होत्या. तिने यिडिश भाषेत सांगितलं की बोलणं आता पुरे, सार्वत्रिक संप पुकारा. दुसऱ्या दिवसापासून वीस हजारांहून जास्त कामगार बाहेर पडले. संप हिवाळाभर चालला. सातशेहून अधिक अटका झाल्या. शेवटी बऱ्याच कारखान्यांनी युनियनशी करार केला. ट्रँगलच्या मालकांनी तास आणि पगाराबाबत थोडं देऊ केलं, पण युनियनला मान्यता दिली नाही.

या संपात पगार आणि तासांच्या बरोबरीने कारखान्यातली स्वच्छता आणि सुरक्षितता याही मागण्या होत्या. आगीच्या वेळी विल्यम शेफर्ड नावाचा वार्ताहर योगायोगाने तिथे हजर होता आणि समोर दिसेल ते टेलिफोनवरून सांगत होता. फुटपाथवरच्या प्रेतांकडे बघताना त्याला आठवलं की याच मुलींनी गेल्या वर्षी संप करून सुरक्षिततेची मागणी केली होती. ही प्रेतं म्हणजे त्या मागणीला मिळालेलं उत्तर आहे. माझ्या लेखाचा सगळा मुद्दा त्या वार्ताहराने तिथल्या तिथे ओळखला होता. मागणी आधीची होती. कोणती गोष्ट धोक्याची आहे हे कारखान्यात बसणाऱ्या मुलींना आगीच्या सव्वा वर्ष आधीपासून ठाऊक होतं, त्यांनी ते मोठ्याने सांगितलं होतं, त्यासाठी मार खाल्ला होता, तुरुंगात गेल्या होत्या. दुर्घटनेने कोणाला काहीही नवीन शिकवलं नाही. ज्यांनी ऐकायला नकार दिला होता त्यांना तो नकार चालू ठेवणं अवघड केलं, एवढंच.

आणि तेही आपोआप झालं नाही. २ एप्रिलला मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये शोकसभा झाली. खाली श्रीमंत आणि सुशिक्षित मंडळी, वर गॅलरीत कामगार. ठराव मांडले जात होते, निधीची भाषा चालली होती. तेव्हा रोझ श्नायडरमन बोलायला उभी राहिली. टोप्या शिवणारी कामगार, युनियनची कार्यकर्ती, अंगाने लहानखुरी, आवाज हलका. मी इथे गोड बोलायला आले तर जळालेल्या या देहांशी ती गद्दारी ठरेल, ती म्हणाली. तुम्हा भल्या लोकांना आम्ही आजवर पारखून पाहिलं आणि तुम्ही कमी पडलात. माणसाचा जीव इतका स्वस्त आणि मालमत्ता इतकी पवित्र, असंही ती म्हणाली. शुक्रवारचा निकाल तिच्या डोळ्यांपुढे होता की नाही, कोण जाणे. पण त्या निकालाला याहून नेमकं उत्तर दुसऱ्या कोणी दिल्याचं मला माहीत नाही. ५ एप्रिलला भर पावसात लाखाच्या वर लोक मोर्च्याने चालले. त्यातल्या पुष्कळांना मोर्चा कसा काढायचा हे १९०९ च्या संपाने शिकवलेलं होतं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो, आणि तोच सहसा कोणी सांगत नाही.

त्या काळी न्यूयॉर्कचं राजकारण टॅमनी हॉल नावाच्या यंत्रणेच्या हातात होतं. डेमोक्रॅटिक पक्षाची ही स्थानिक टोळी: वॉर्डावॉर्डात माणसं, नोकऱ्या वाटणं, कंत्राटं खाणं, मतं गोळा करणं. संपकरी मुलींना बदडणारे पोलीस आणि त्यांना दंड करणारे न्यायाधीश याच यंत्रणेच्या सावलीत होते. पण मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातले ज्यू मतदार समाजवाद्यांकडे सरकत होते. १९१४ मध्ये त्या भागातून मेयर लंडन हे समाजवादी उमेदवार थेट अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले, यावरून वारं किती जोरात होतं ते कळतं. टॅमनीचे म्होरके चार्ल्स मर्फी यांनी ते वारं आधीच ओळखलं आणि आपली दोन तरुण माणसं कामाला लावली. रॉबर्ट वॅग्नर हे जर्मनीतून लहानपणी आलेले. अल स्मिथ शाळा अर्धवट सोडून मासळी बाजारात काम केलेले. ३० जून १९११ रोजी कारखाना चौकशी आयोग स्थापन झाला तेव्हा वॅग्नर अध्यक्ष होते आणि स्मिथ उपाध्यक्ष.

स्वच्छ हातांच्या सुधारकांना हे पचवणं जड गेलं असणार. ते वर्षानुवर्षं टॅमनीच्या भ्रष्टाचाराविरुद्ध लढत होते, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. पण त्यांच्यातल्या कित्येकांच्या सुधारणेत त्या शिवणकाम करणाऱ्या मुलीला जागाच नव्हती. त्यांना गरीब परदेशी माणूस हा मत विकणारा आणि लोकशाहीला लागलेला रोग वाटत असे. टॅमनीला तो मतदार वाटत असे. मुलींना स्वतःला मत नव्हतं, न्यूयॉर्क राज्यात बायकांना ते १९१७ साली मिळालं. पण त्यांच्या बापाला होतं, भावाला होतं. मर्फींच्या मनात करुणा होती की हिशेब, या प्रश्नात मला रस नाही. लोकांनी संघटित होऊन असा हिशेब उभा करावा की राज्यकर्त्याला त्यांच्या बाजूला येणं फायद्याचं पडेल, हीच तर लोकशाही.

आयोगाने काम कसं केलं ते बघण्यासारखं आहे. नुसत्या साक्षी घेऊन तो थांबला नाही. पहिल्याच वर्षात दोनशेहून जास्त साक्षीदार तपासले आणि अठराशेहून अधिक कारखान्यांची तपासणी करवली. फ्रान्सिस पर्किन्स या बाईंचं नाव इथे घ्यायला हवं. आगीच्या दिवशी त्या वॉशिंग्टन स्क्वेअरवरच एका घरी चहाला आल्या होत्या; आरडाओरडा ऐकून धावल्या आणि खिडकीतून पडणाऱ्या मुली त्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या. आयोगाच्या कामात त्या पुढाऱ्यांना हाताला धरून कारखान्यांत नेत. रात्रभर दहा तासांची पाळी करून दोराच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बायका त्यांनी स्मिथना दाखवल्या. एका कारखान्यात भिंतीला भोक होतं आणि त्यावर आगीतून सुटकेची वाट म्हणून पाटी. वॅग्नर महाशयांना त्यांनी त्या भोकातून सरपटत बाहेर काढलं. पलीकडे बर्फाने माखलेली लोखंडी शिडी होती, आणि ती जमिनीच्या चांगली वर संपत होती. मला हा प्रसंग फार आवडतो. आमदाराने अहवाल वाचणं वेगळं आणि त्याच्या सुटाला गंज लागणं वेगळं.

विरोध अर्थातच झाला. इमारतींचे मालक आणि कारखानदार म्हणत, एवढे जिने, एवढी दारं, एवढी यंत्रणा बसवायची तर धंदा बुडेल. हंगामी फळं-भाज्या डबाबंद करणारे कारखानदार म्हणाले की आठवड्याला एक सुटी आम्हाला परवडत नाही, आम्हाला वगळा. स्मिथ कट्टर कॅथलिक. त्यांनी सभागृहात विचारलं म्हणतात, की सुटीचा दिवस पवित्र पाळा ही आज्ञा मी लक्ष देऊन वाचली आहे, तिच्यात 'डबाबंदीचे कारखाने सोडून' असं कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही. एकामागून एक कायदे होत गेले: दारं बाहेरच्या बाजूला उघडावीत, कामाच्या वेळी त्यांना कुलूप नसावं, उंच इमारतीत आग विझवणारे पाण्याचे फवारे असावेत, आगीची तालीम घेतली जावी, बायकांचा कामाचा आठवडा ५४ तासांचा असावा. शुक्रवारचा तो निकाल ओलांडायला राज्याने १९१३ मध्ये आपली घटनाच दुरुस्त केली आणि भरपाईचा कायदा पुन्हा आणला. पर्किन्सबाई १९३३ साली देशाच्या मजूरमंत्री झाल्या. अमेरिकेच्या केंद्रीय मंत्रिमंडळातली ती पहिली बाई. वॅग्नर सिनेटवर गेले आणि युनियन करण्याचा हक्क देणारा १९३५ चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे पर्किन्स म्हणत असत की न्यू डीलचा, म्हणजे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३० च्या दशकातल्या मंदीत आणलेल्या सुधारणांचा, पहिला दिवस म्हणजे २५ मार्च १९११.

या सगळ्याचं कौतुक करताना एक गोष्ट झाकायची नाही. ही सुधारणा कुंपण घालून केलेली होती. त्याच १९१३ साली अध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने वॉशिंग्टनमधल्या केंद्रीय कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळं बसवायला सुरुवात केली, आणि विल्सन स्वतःला पुरोगामीच म्हणवत होते. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका बाहेर ठेवल्या गेल्या. दक्षिणेतली काळी माणसं प्रामुख्याने हीच दोन कामं करत होती. १९१७ च्या कायद्याने आपल्याकडच्या माणसांना तिथे येण्याची बंदी झाली. १९२४ च्या कायद्याने पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांचा कोटा इतका आवळला की ट्रँगलमध्ये जळालेल्या मुलींच्या धाकट्या बहिणींना त्या देशात पाऊल ठेवणं कठीण झालं. ज्यांची संघटना नव्हती, ज्यांची मतं मोजली जात नव्हती, ते कुंपणाबाहेर राहिले. हाही माझ्याच म्हणण्याचा पुरावा आहे. समाजाच्या हळहळीतून कायदे होत असते तर कापसाच्या शेतातल्या बाईसाठीही झाले असते. हळहळण्याजोगं तिच्या आयुष्यात काय कमी होतं?

आपल्याशी या गोष्टीचा खराखुरा धागा आहे. जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले आणि १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकले. चौकशी आयोगाचं काम १९१५ पर्यंत चालू होतं, त्याच शहरात, त्याच वर्षांत. त्यांचे गुरू सेलिग्मन हे वाढत्या दराच्या प्राप्तिकराचे मोठे पुरस्कर्ते होते आणि तो कर शक्य करणारी घटनादुरुस्ती १९१३ चीच. राज्याने मालकाच्या दारात जाऊन तपासणी करावी की नाही, याचा वाद ज्या शहरात हमरीतुमरीवर आला होता तिथे बाबासाहेब अर्थशास्त्र शिकत होते. तीस वर्षांनी ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला.

आज ते सारं उलट दिशेने सरकताना मी बघतो आहे आणि मला त्याची धास्ती वाटते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी कारखान्याची व्याख्याच बदलली. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी पूर्वी १० कामगार असले की कारखाना कायदा लागू होई. आता २० लागतात. निरीक्षकाच्या नावाला 'सुविधाकार' हे शेपूट जोडलं गेलं. यामागचा युक्तिवाद मला ठाऊक आहे: इन्स्पेक्टर येतो, पाकीट घेतो, निघून जातो. हे घडतं, मी नाकारत नाही. पण टॅमनीच्या न्यूयॉर्कइतकं पाकीटबाज शहर शोधून सापडलं नसतं, आणि तिथे आयोगाने काढलेला निष्कर्ष नेमका उलटा होता. निरीक्षक वाढवा, त्यात डॉक्टर आणि जाणकार माणसं घ्या, मजूर खातं नव्याने बांधा. चौकीदार लाच खातो म्हणून चौकीच काढायची, असं तिथे कोणी ठरवलं नाही. आपल्याकडे २०२१ च्या जूनमध्ये पुण्याजवळ पिरंगुटला कारखान्याच्या आगीत १५ पेक्षा जास्त कामगार गेले, बहुतेक बायका. हळहळ झाली, भरपाई जाहीर झाली. त्या बायकांची युनियन असती, त्यांची मागणी आधीच कुठे लिहून ठेवलेली असती, तर पुढची चार वर्षं वेगळी गेली असती, असं माझं ठाम मत आहे.

ट्रँगलच्या मालकांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. डिसेंबर १९११ मध्ये दोघांवर खटला चालला. दाराला कुलूप होतं हे पुरेसं नव्हतं. त्या क्षणी ते आहे हे मालकांना माहीत होतं असं सिद्ध व्हायला हवं होतं. दोघेही निर्दोष सुटले. १९१४ मध्ये दिवाणी दाव्यांत तडजोड झाली, एका जिवामागे ७५ डॉलर. आणि त्याच्या आदल्या वर्षी, १९१३ च्या उन्हाळ्यात, मॅक्स ब्लँक यांच्या नव्या कारखान्यात कामाच्या वेळी दार पुन्हा कुलूपबंद सापडलं. आत दीडशेच्या आसपास मुली होत्या. न्यायाधीशांनी कमीत कमी दंड केला, २० डॉलर, आणि तो करावा लागतो आहे याबद्दल ब्लँक यांच्याकडे दिलगिरीही व्यक्त केली. पण या वेळी कुलूप सापडलं होतं ते आत सगळ्या मुली जिवंत असताना.